डब्यावरच्या चिठ्ठीवर जाऊ नका : जॅक जॉन्सनच्या लढतींची जुनी फिल्म कशी शोधावी

"यूट्यूबवर नाव टाका, सगळं मिळतं," हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता मी वादही घालत नाही. मिळतं, हे खरंच आहे. पण काय मिळतं? एका लढतीच्या नावाखाली दुसरीच लढत, सरावाची चित्रं, डावी-उजवी उलटलेली फेरी, आणि त्याखाली "वा, काय ठोसा!" म्हणून मोकळे झालेले चारशे लोक.

मी मूळचा कुस्तीवाला. आमच्या घरी बॉक्सिंगला खेळ म्हणत नसत, मारामारी म्हणत. गामा पैलवान १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्को या पैलवानाशी लढला, त्याबद्दल वाचायला म्हणून जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत शिरलो, तर त्या वर्षीच्या क्रीडापानांवर जिकडेतिकडे एकच नाव: जॅक जॉन्सन. टेक्ससच्या गॅल्व्हेस्टनमध्ये १८७८ साली जन्मलेला, हेवीवेटचं जागतिक अजिंक्यपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. गामा बाजूला राहिला. पुढची बारा वर्षं माझी रात्रीची जेवणानंतरची वेळ या माणसाच्या हलत्या चित्रांमागे गेली. त्यामुळे खालची सगळी उदाहरणं त्याची आहेत. पद्धत मात्र मूकपटांच्या काळातल्या कुठल्याही बॉक्सरला लागू पडते.

यादी

बॉक्सरेक या बॉक्सिंगच्या नोंदींच्या संकेतस्थळावरून लढतींची यादी उतरवून घ्या. संध्याकाळभराचं काम. त्यातल्या बहुतेक लढतींपुढे कॅमेरा कधी उभाच राहिला नव्हता, त्यामुळे यादीची लांबी बघून घाबरू नका.

जॉन्सनच्या बाबतीत जीव लावावा अशा लढती पाच. सिडनी, २६ डिसेंबर १९०८: टॉमी बर्न्सला हरवून अजिंक्यपद, चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. कोल्मा, कॅलिफोर्निया, १६ ऑक्टोबर १९०९: स्टॅन्ली केचेल, बारावी फेरी. रिनो, नेवाडा, ४ जुलै १९१०: निवृत्तीतून परत आणलेला जिम जेफ्रीज, पंधरावी फेरी. लास व्हेगास, ४ जुलै १९१२: जिम फ्लिन, नववी फेरी, पुन्हा पोलीस. (हे लास व्हेगास न्यू मेक्सिकोतलं. नेवाडातलं समजून शोधणारे निम्मे लोक इथेच भरकटतात.) आणि हवाना, ५ एप्रिल १९१५: जेस विलार्ड, सव्विसावी फेरी, आणि इथे जॉन्सन हरला.

फिल्म हा तेव्हा धंद्याचा मोठा भाग होता. तिकिटांपेक्षा फिल्मच्या हक्कांवर जास्त डोळा असे. केचेलच्या लढतीबद्दल तर तेव्हापासून बोललं जातं की रिळं भरावीत म्हणून दोघांनी आधी सबुरीनं खेळायचं ठरवलं होतं. हे डोक्यात ठेवा. फिल्म कुणी पैसे घालून काढली आणि कुणी कुठे विकली, या मागावर गेलात तरच ती सापडते.

फिल्म पळाली कुठे

इथे लोक पहिली चूक करतात: अमेरिकेचा बॉक्सर म्हणून अमेरिकेतच शोधत बसतात.

रिनोच्या निकालानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली, आणि शहरामागून शहराने ती फिल्म दाखवायला बंदी केली. गोऱ्या जेफ्रीजला काळा जॉन्सन लोळवतोय हे पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसणं लोकांना नको होतं. ३१ जुलै १९१२ ला सिम्स कायदा आला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात किंवा परदेशातून देशात मुष्टियुद्धाची फिल्म नेणं हा गुन्हा ठरला, आणि हा कायदा थेट १९४० पर्यंत टिकला. हवानाची फिल्म तर अमेरिकेत शिरूच शकली नाही. गोरा विलार्ड जिंकलेला असूनही! सर्वोच्च न्यायालयानेही १९१५ साली बंदी उचलून धरली.

मग १९१६ साली काही हुशार मंडळींनी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, रौझेस पॉइंटजवळ, कॅनडाच्या सीमारेषेवर एक यंत्र उभं केलं. मूळ फिल्म रेषेच्या पलीकडे, कोरी फिल्म अलीकडे, आणि मधून गेला तो फक्त उजेड. वस्तू सीमा ओलांडून आलीच नाही, सबब गुन्हा नाही, असा युक्तिवाद. सरकारने तो मानला नाही आणि नक्कल जप्त झाली. हा किस्सा मी प्रत्येकाला सांगतो, कारण अशा वेळी रिळांचं काय होत असेल याची कल्पना त्यातून येते. ती लपवली जातात, कापून तुकड्यांनी विकली जातात, डब्यावर वेगळं नाव लावून ठेवली जातात.

म्हणून जिथे कायद्याचा हात पोचत नव्हता तिथे बघा: ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. शिवाय वितरणाच्या साखळीची शेवटची गावं. गावोगाव फिरून झिजलेली प्रत परत पाठवायचं भाडं प्रतीपेक्षा महाग पडायचं, म्हणून ती तिथेच राहायची. कॅनडाच्या युकॉनमधल्या डॉसन सिटीत १९७८ साली जमिनीखालून पाचशेवर रिळं निघाली ती याच कारणाने. जॉन्सनची १९१३ ते १९२० ही सात वर्षं कायद्याच्या पुढे पळण्यात गेली. त्याच्या फिल्मचंही तेच झालं.

वर्तमानपत्रं

ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह', न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' आणि अमेरिकेचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' ही तिन्ही फुकट आहेत. सिनेधंद्याची जुनी साप्ताहिकं 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी'वर मिळतात. शोधताना आजचे शब्द टाकू नका. त्या काळचे टाका: मूव्हिंग पिक्चर्स, बायोस्कोप, बायोग्राफ, किनेमॅटोग्राफ, अर्थात इंग्रजी स्पेलिंगमध्ये. बातमीपेक्षा जाहिरात वाचा. बातमीत निकाल असतो, जाहिरातीत "इतके हजार फूट" असतं, आणि पुढे आपल्याला फुटांचीच गरज पडणार आहे.

संग्रहालयांना पत्र

अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस (फिल्मचा विभाग व्हर्जिनियातल्या कल्पेपरला आहे), रॉचेस्टरचं जॉर्ज ईस्टमन म्युझियम, ब्रिटनचं बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट), कॅनबेराचं राष्ट्रीय फिल्म व ध्वनी संग्रहालय. एवढ्यांपासून सुरुवात पुरे.

"मला जॅक जॉन्सनच्या फिल्म पाठवा" असं लिहू नका. असली पत्रं त्यांना रोज येतात. लढत, तारीख, ठिकाण लिहा आणि चारच गोष्टी विचारा: तुमच्याकडे किती फूट आहे, कोणत्या मापाची फिल्म आहे (३५ मिमी की १६), निगेटिव्ह आहे की प्रत, आणि पाहण्यासाठी डिजिटल प्रत आहे का. पाचवा प्रश्न माझा लाडका: "ओळख न पटलेलं बॉक्सिंग असं काही नोंदवलेलं आहे का?" मला हाती लागलेल्या चांगल्या गोष्टी या पाचव्या प्रश्नानेच दिल्या. उत्तराला सहा आठवडे लागले तर कुरकुर करू नका. पलीकडे बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

नोंद जॉन्सनच्या नावावर असेलच असं नाही. जेफ्रीजच्या, विलार्डच्या, आयोजकाच्या, गावाच्या, सगळ्या नावांनी शोधा. रिनोची फिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत २००५ साली गेली, तीही 'जेफ्रीज-जॉन्सन' अशा क्रमाने. हरणाऱ्याचं नाव आधी.

संग्राहकांपैकी एक नाव माहीत असायलाच हवं: जिम जेकब्स. अमेरिकेचा हँडबॉल विजेता, पुढे माइक टायसनचा व्यवस्थापक, आणि आयुष्यभर जुन्या लढतींची रिळं जमवणारा माणूस. बिल केटनबरोबर उभा केलेला त्याचा संग्रह १९९८ साली ईएसपीएनने विकत घेतला. नेटवर घरंगळत फिरणारे, वर कुणीतरी निवेदन केलेले तुकडे दिसतात ना, त्यातले पुष्कळसे अशाच टीव्हीच्या कार्यक्रमांतून उचललेले असतात. टीव्हीवाल्यांनी त्यांच्या सोयीने कापलेले. त्यांना पुरावा मानू नका.

आणि कुठे खरंच जुनं नायट्रेटचं, म्हणजे त्या काळच्या ज्वालाग्राही फिल्मचं, रीळ समोर आलं, तर ते उलगडून प्रोजेक्टरवर चढवायचा मोह आवरा. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या कोठाराला लागलेल्या आगीत प्रभातच्या मूळ निगेटिव्ह गेल्या, हे आपल्याला तरी कुणी वेगळं सांगायला नको.

खरी परीक्षा: हातात आलंय ते काय आहे?

आता इथे थांबा. वरचं सगळं चिकाटीचं काम आहे, कुणालाही जमतं. पुढचं मला तीन वर्षं जमलं नव्हतं.

माझी फजिती आधी सांगतो. मला एक तुकडा मिळाला होता, सव्वा मिनिटाचा. शीर्षक: 'जॉन्सन-बर्न्स, सिडनी १९०८, अखेरचा ठोसा'. उंच काळा माणूस, समोर बराच बुटका गोरा माणूस, एक उजवा ठोसा, गोरा आडवा. मी तो पन्नास वेळा पाहिला असेल. मित्रांना पाठवला. एका छोटेखानी कार्यक्रमात पडद्यावर लावून त्यावर वीस मिनिटं बोललोही. कार्यक्रमानंतर मागच्या रांगेतले एक निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पोलिसांनी कॅमेरे बंद केले असं तुम्हीच सांगितलंत. मग हे काढलं कुणी?"

दहा सेकंद मी गप्प. बरोबर होतं त्यांचं. सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिस मध्ये पडले तेव्हा कॅमेरेही थांबवले गेले. बर्न्स आडवा पडल्याचं चित्रण असूच शकत नाही. मी स्वतःच्या तोंडाने हे सांगत होतो, आणि माझ्याच पाठीमागे पडद्यावर तो आडवा पडत होता.

तो तुकडा केचेलचा होता. कोल्माची बारावी फेरी. पुढे दुसरी, लांब प्रत मिळाली तेव्हा सगळं जागेवर बसलं. केचेलचा उजवा हात फिरतो, जॉन्सन खाली जातो, हात टेकतो, उठायला लागतो. केचेल संपवायला म्हणून धावून येतो आणि सरळ जॉन्सनच्या ठोशावर येऊन आदळतो. केचेल पाठीवर, हात पसरलेले. जॉन्सन स्वतःच्याच जोराने त्याच्या पायांवरून अडखळतो, खाली जातो, उठतो, दोरांना टेकून उभा राहतो. माझ्या तुकड्यातून कुणीतरी जॉन्सन पडल्याचा पहिला भाग कापला होता, आणि अडखळणं सुरू व्हायच्या आत शेवट केला होता. उरला तो एक उंच माणूस आणि एक पडणारा बुटका माणूस. चिठ्ठी कुठलीही चिकटवा.

तेव्हापासून माझा नियम असा: शीर्षक शेवटी वाचायचं. आधी आवाज बंद करायचा, कारण त्या गर्दीचा आरडाओरडा कुणीतरी नंतर चिकटवलेला असतो आणि तो डोळ्यांना फसवतो. मग तुकडा एकदा सरळ बघायचा, आणि त्यानंतर बॉक्सरांकडे बघणं बंद.

बॉक्सरांकडे न बघता काय बघायचं? पहिल्यांदा पंच. सिडनीत आयोजक ह्यू मॅकिन्टॉश स्वतःच पंच होता. रिनोत टेक्स रिकार्ड, तोही आयोजकच. कोल्मा आणि हवाना, दोन्हीकडे जॅक वेल्च. या तिघांची स्थिरचित्रं मुबलक आहेत. बॉक्सर सगळे अर्धनग्न आणि घामेजलेले, वीस फुटांवरून सारखेच दिसतात. कपडे घातलेला माणूस पटकन ओळखू येतो. माझा सव्वा मिनिटाचा तुकडा मी पंचापासून सुरू केला असता तर वीस मिनिटांची शोभा टळली असती.

मग रिंग. दोर किती, खांबांना काय गुंडाळलंय, कोपऱ्यात बादल्या कुठे, रिंगच्या कडेला बसलेले वार्ताहर कोणत्या बाजूला. त्या दिवशीचे वर्तमानपत्री फोटो शेजारी उघडून ठेवा. फोटोत पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीचा जाडजूड गृहस्थ असेल, तर तो फिल्ममध्येही तिथेच बसलेला असणार. इतक्या महाग तिकिटावर कुणी जागा सोडत नाही.

तिसरं, प्रेक्षक आहेत का? विचित्र वाटेल, पण त्या काळात लढतींची नाटकं सर्रास विकली जात. फिलाडेल्फियाचा सिग्मंड ल्युबिन वर्तमानपत्रातला वृत्तान्त घ्यायचा, दोन मिळतेजुळते गडी उभे करायचा आणि ठोशास ठोसा लढत 'पुनर्निर्मित' करून विकायचा, कधीकधी खऱ्या फिल्मच्या आधीच. ही नाटकं ओळखायला सोपी असतात. कॅमेरा फारच जवळ, रिंग पलंगाएवढी, मागे रंगवलेला पडदा, आणि सगळी गर्दी म्हणजे एका बाकावरचे आठदहा लोक, जे नेमके एकाच वेळी टोप्या उडवतात. सरावाच्या फिल्मचंही असंच. हसरा जॉन्सन, ढिले हात, मोठे हातमोजे. खऱ्या लढतीतही तो हसायचा आणि कोपऱ्यातल्या माणसांशी बोलायचा, त्यामुळे नुसत्या हसण्यावर जाऊ नका.

चौथं, आरसा. जुनी फिल्म नकलताना उलटी बाजू वर राहिली की डावं उजवं होतं. जॉन्सन डावा हात पुढे ठेवून लढायचा. तो उजवा पुढे ठेवलेला दिसला तर "वा, पवित्रा बदलला" असं लिहायच्या आधी पंचाच्या किंवा प्रेक्षकांच्या कोटाचा छातीवरचा खिसा बघा. तो डाव्या बाजूला हवा. फलकांवरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच मिटला. एका विक्रेत्याकडून मी "संपूर्ण लढत" म्हणून डिस्क घेतली होती, चांगले पैसे मोजून. त्यात एकच फेरी तीनदा होती: एकदा सरळ, एकदा उलटी, एकदा थोडी मोठी करून. तीन फेऱ्यांत पहिल्या रांगेतला एक म्हातारा त्याच क्षणी, त्याच पद्धतीने नाक पुसतो हे लक्षात आलं तेव्हा पैसे परत मागायची मुदत संपून गेली होती.

गणित

आता याहून जास्त लोक जिथे घसरतात ते: वेग आणि लांबी. "ही फेरी अपुरी आहे" किंवा "ही संपूर्ण आहे" असं ठामपणे बोलणाऱ्याला विचारा, मोजलीस का?

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. हाताने दांडा फिरवून काढलेल्या त्या काळच्या फिल्मचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम. म्हणजे एक सेकंद, एक फूट. तीन मिनिटांची फेरी म्हणजे १८० फूट, २,८८० फ्रेम. एवढं पाठ करा, बाकी सगळं यातून निघतं.

तीच फेरी आजच्या २४ फ्रेमच्या वेगाने चालवली की १२० सेकंदांत संपते. म्हणून प्रतीत फेरी दोन मिनिटांची दिसली तर "एक मिनिट कापलंय" असं म्हणू नका. बहुधा काहीच कापलेलं नाही, फक्त पळवलंय. माणसं चार्ली चॅप्लिनसारखी तुरुतुरु चालतात ना, तेच. पण २४ च्या वेगाने फेरी ८० सेकंदांचीच निघाली, तर फ्रेम झाल्या १,९२०. तिथे खरंच एक तृतीयांश फेरी गायब आहे. दांडा हाताने फिरायचा, त्यामुळे वेग पुढेमागे होणार. दहावीस फुटांवरून भांडू नका.

एक सापळा आहे, त्यात मी वर्षभर अडकलो होतो. काही नकलांमध्ये वेग सुधारावा म्हणून दर दोन फ्रेममागे एक फ्रेम दोनदा छापलेली असते. बघताना चाल बरोबर वाटते, फक्त थोडी अडखळती. अशा प्रतीच्या फ्रेम तुम्ही सरळ मोजल्या तर दीडपट भरतात, आणि अर्धवट फेरी तुम्हाला पूर्ण वाटते. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे ढकला आणि पडणारा हात किंवा उडणारा टॉवेल बघा. हलला, हलला, थांबला, हलला, हलला, थांबला असं दिसलं की तिसरी प्रत्येक फ्रेम वजा करा.

संग्रहालयाचं उत्तर वाचायलाही हेच गणित. "४०० फूट, ३५ मिमी" म्हणजे जेमतेम सव्वादोन फेऱ्या. "४०० फूट, १६ मिमी" म्हणजे मात्र खजिना, कारण १६ मिमीच्या फुटात ४० फ्रेम मावतात. ते झाले सुमारे १७ मिनिटं, साडेपाच फेऱ्या. रिनोच्या पहिल्या चौदा पूर्ण फेऱ्याच २,५२० फूट होतात, मधली विश्रांतीची मिनिटं न धरता. हजार फुटांचं एकच रीळ दाखवून कुणी "पूर्ण लढत" म्हणाला तर हसून पुढे चला.

फिल्मच्या काठाचा फोटो मिळाला तर मागून घ्या. तिथे 'सेफ्टी' (म्हणजे नायट्रेटसारखी न पेटणारी फिल्म) असं छापलेलं असेल तर ती नंतरची नक्कल. कोडॅकच्या फिल्मवर १९१६ पासून काठाला वर्षाच्या खुणा असतात: १९१६ ला गोल, १९१७ ला चौकोन, १९१८ ला त्रिकोण, असं पुढे. पण याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात. म्हणजे नुसता गोल दिसला तर १९१६, १९३६ किंवा १९५६. आणि ही तारीख त्या कोऱ्या फिल्मची, लढतीची नव्हे. एका गृहस्थांनी मला चौकोन दाखवून हवानाची लढत १९१७ ची ठरवून दिली होती.

फेऱ्यांचा क्रम लावायचा असेल तर उघड्या मैदानातल्या लढतीत सावलीसारखी साक्ष नाही. रिनो आणि हवाना दोन्ही दुपारच्या, दोन्ही उन्हातल्या. कॅमेरा मचाणावर एका जागी पक्का. दर फेरीला सावल्या लांबत आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकत जातात. हवानात सव्वीस फेऱ्या, मधल्या मिनिटांसकट पावणेदोन तासांच्या आसपास, त्यामुळे फरक डोळ्याला सहज दिसतो. रिनोत जेफ्रीजचा चेहराही घड्याळाचं काम करतो. तो जसजसा सुजत जातो, तसतशी फेरी पुढची. पंधरावीत तो तीनदा खाली जातो, आणि त्याआधी कारकिर्दीत तो कधीच पडला नव्हता. म्हणून त्या फेरीचे तुकडे सगळ्यात जास्त फिरतात, आणि तीन पडण्यांची अदलाबदलही होते. ती सावलीनेच सोडवायची.

हे सगळं करताना एक पथ्य पाळा. रंग भरलेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने "सुधारलेल्या", सेकंदाला ६० फ्रेम केलेल्या प्रती उघडूसुद्धा नका. त्यातल्या चार फ्रेमपैकी तीन यंत्राने कल्पनेने काढलेल्या असतात. प्रेक्षकांना नसलेले डोळे फुटलेले असतात, दोर मध्येच वितळतात, पंचाचा चेहरा दर सेकंदाला नवा. घरच्यांना दाखवायला छान. मोजायला शून्य उपयोग.

हक्क आणि पैसे

१९१५ पर्यंतच्या या फिल्मवरचा कॉपीराइट अमेरिकेत कधीच संपलाय. संग्रहालय पैसे घेतं ते स्कॅनिंगच्या कामाचे, ते द्या. टीव्हीच्या कार्यक्रमातलं निवेदन, संगीत आणि नवं संकलन मात्र त्या कार्यक्रमाचं असतं, ते उचलू नका.

वही

प्रत्येक लढतीला एक पान. आडव्या ओळीत फेऱ्या, उभ्या रकान्यात प्रती. प्रत्येक चौकोनात पाहिलेल्या फ्रेमची संख्या, उलटी की सुलटी, आणि पंच ओळखला का. शीर्षकाचा रकाना सगळ्यात उजवीकडे, पेन्सिलीने.

माझ्या वहीत हवानाचं पान सगळ्यात जास्त खोडलेलं आहे. सव्विसाव्या फेरीचा तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल: जॉन्सन पाठीवर, गुडघे वर, एक हात वाकवून डोळ्यांवर उन्हाला आडवा धरलाय असा, आणि वर वेल्च मोजतोय. जॉन्सनने नंतर सांगितलं की ही लढत त्याने मुद्दाम सोडली. तेव्हापासून तो हात हा लोकांचा पुरावा झालाय. बेशुद्ध माणूस कुठे ऊन अडवतो? फोटोत तो हात कायमचा तिथेच आहे. फिल्ममध्ये तो किती फ्रेम तिथे राहतो, आणि आपणहून वर जातो की पडताना तसाच दुमडला जातो, हे मोजायला मी तीन प्रती शेजारी लावल्या. एक उलटी निघाली, एकीत दर तिसरी फ्रेम नक्कल. तिसरीचं मोजणं परवा रात्री सुरू केलंय, अजून वेल्च चारवर आहे.